पिवळा त्रिकोण

भालकी, औराद, बसवकल्याण या पट्ट्यात बाळ जन्मलं की पाचव्या दिवशी पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडायचा, हळदकुंकू वाहायचं, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आणि रात्रभर दिवा विझू द्यायचा नाही. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचं नशीब लिहिते. अंधारात तिला अक्षर कसं दिसणार, म्हणून घरातली एखादी म्हातारी दिव्यात तेल घालत जागी बसते.

नवजात बाळाची कावीळ साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान सगळ्यांत जास्त चढते. म्हणजे सटवाईची आणि काविळीची वेळ जवळजवळ एकच. हा निव्वळ योगायोग; त्यात पूर्वजांचं गुप्त विज्ञान शोधायला मी जाणार नाही. गंमत एवढीच की, त्या रात्री जो दिवा मुद्दाम तेवत ठेवतात, त्याच्या उजेडात सगळीच बाळं पिवळी दिसतात. कावीळ ओळखायला त्याहून वाईट उजेड नाही.

या सीमाभागात कावीळही तीन भाषांत येते. मराठी घरात ती कावीळ, कन्नड घरात कामाले, मुसलमान मोहल्ल्यात यरकान. हळदीचा रंग म्हणून कन्नडमध्ये अरिशिन कामाले असंही म्हणतात. उपाय मात्र तिन्ही भाषांत सारखेच. कुणी वनस्पतीच्या काड्यांची माळ गळ्यात घालतं. ती ‘वाढत’ खाली उतरली की कावीळ उतरली. कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतं आणि पाणी पिवळं झालं की रोग निघाला म्हणून सांगतं. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असला की चुन्याचं पाणी पिवळं होणारच, हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी गावोगाव करून दाखवलं आहे. तरी हे उपाय टिकून राहिले, कारण ते बहुतेक वेळा ‘लागू पडतात’. पूर्ण दिवसांच्या दर दहा बाळांपैकी सहा जणांना जन्मानंतर थोडीफार कावीळ होते आणि त्यांतल्या बहुतेकांची ती काही न करता जाते. जी गोष्ट आपोआप बरी होते, तिच्यावर कोणाचंही औषध यशस्वी ठरतं.

अडचण उरलेल्यांची आहे. बाळाच्या तांबड्या पेशी मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षा लवकर मोडतात. त्यांतून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि ते विरघळवून बाहेर टाकणारं यकृत अजून कामाला नवखं असतं. मग ते द्रव्य रक्तात साचतं, कातडीत उतरतं आणि फारच वाढलं तर मेंदूत शिरतं. १८७५ मध्ये बर्लिनच्या योहानेस ओर्थ यांनी मरण पावलेल्या एका काविळीच्या बाळाचा मेंदू उघडला, तेव्हा त्याच्या खोल गाभ्यात पिवळे डाग दिसले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी क्रिस्टियान श्मोर्ल यांनी त्याला नाव दिलं, केर्निक्टेरस, म्हणजे गाभ्याची कावीळ. अशी बाळं आधी सुस्तावतात, दूध ओढत नाहीत. मग किंचाळल्यासारखी रडतात, धनुष्यासारखी मागे वाकतात. त्यांतून जगली तर पुष्कळदा बहिरी होतात, हातपाय आपल्या मर्जीने हलवता येत नाहीत. आमच्याकडे अशा मुलाला बाहेरचं झालं म्हणत आणि त्या पाच दिवसांत कोण कोण बाळंतिणीच्या खोलीत येऊन गेलं याचा हिशेब लावत. रंगाचा हिशेब कोणी लावत नसे.

तो हिशेब पहिल्यांदा आकड्यात मांडला गेला तो अमेरिकेत बॉस्टनला. आई आणि बाळ यांचा आरएच रक्तगट जुळत नसला की बाळाच्या पेशी भराभर मोडतात आणि कावीळ पहिल्याच दिवशी उसळते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस लुई डायमंड यांनी अशा बाळांसाठी नाळेच्या शिरेतून बारीक नळी घालून रक्त बदलण्याची पद्धत बसवली. थोडं रक्त काढायचं, तेवढंच दात्याचं घालायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घालायचं. बाळाच्या अंगात असतं त्याच्या दुप्पट रक्त फिरेपर्यंत हे तासन्‌तास चालायचं. जीव वाचवणारं काम, पण त्यातच जीव जाण्याचाही धोका. मग ते कधी करायचं? १९५२ मध्ये डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी तपासून दाखवलं की, रक्तातलं बिलिरुबिन शंभर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ दिलं की मेंदूचा धोका झपाट्याने वाढतो. झालं, वीस हा आकडा ठरला. तो आरएचच्या बाळांवरून काढलेला होता हे पुढची तीसेक वर्षं पुष्कळ लोक विसरून गेले.

त्या १९५२ मध्ये बीदर हैदराबाद राज्यात होतं. निजामाची सत्ता जाऊन चार वर्षं झाली होती, पण आजारपणाचा मोठा रस्ता हैदराबादकडेच जात होता. १९५३ मध्ये तिथे आई आणि मुलांसाठी नीलोफर रुग्णालय उभं राहिलं. निजामाची सून राजकन्या नीलोफर हिच्या पदरची एक दासी बाळंतपणात गेली, ते दुःख या रुग्णालयामागे होतं. बीदरकडच्या लोकांच्या तोंडी ‘नीलोफरला नेलं’ हे वाक्य अजून आहे, आणि ते आनंदाने कोणी उच्चारत नाही.

आता थोडं इंग्लंडला जाऊ.

लंडनच्या पूर्वेला एसेक्स परगण्यात रॉचफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या जनरल हॉस्पिटलात अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागावर सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका प्रमुख होत्या. या पेशात येण्यापूर्वी त्यांनी कुत्र्याची पिल्लं वाढवण्यात हात बसवला होता, आणि नाजूक जीव जगवायचा तर मोकळी हवा आणि ऊन हवं, असं त्यांचं पक्कं मत होतं. बंद, गरम, कोंदट पेट्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. त्यामुळे ऊन पडलं की त्या बाळांचे पाळणे ढकलत अंगणात न्यायच्या आणि डॉक्टरांची फेरी सुरू व्हायच्या आत गुपचूप परत आणून ठेवायच्या. आमच्याकडे कुठलीही आजी हेच करते, आणि तिला ते लपवावं लागत नाही.

१९५६ च्या उन्हाळ्यात एकदा विभागाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. डॉब्स फेरीवर असताना सिस्टर वॉर्डनी जरा बिचकतच एक उघडं बाळ त्यांच्यापुढे धरलं. बाळाचं अंग फिकट झालं होतं, मात्र एक त्रिकोण तेवढा गडद पिवळा होता, कडा अगदी आखल्यासारख्या. हे कशाने रंगवलंत, असं डॉक्टरांनी विचारलं. आयोडीन वगैरे लावलं असेल असा त्यांचा समज. सिस्टर म्हणाल्या, उन्हाने झालं असावं. उन्हाने कातडी काळवंडायलाही दिवस लागतात, हे कसलं ऊन, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. तेव्हा सिस्टरांनी उलगडा केला: रंग त्रिकोणाला चढलेला नाही, बाकीच्या अंगाचा उतरलेला आहे. चादरीचं एक टोक बाळावर दुमडलेलं राहिलं होतं, त्याच्या खाली ऊन पोचलं नाही.

बीदरच्या माणसाला इथे बिदरी आठवल्याशिवाय राहत नाही. जस्त-तांब्याच्या मिश्रणाची सुरई चांदीच्या तारेने मढवतात आणि शेवटी किल्ल्यातली माती नवसागरासोबत उकळून तिच्यात बुडवतात. धातू काळाभोर होतो, चांदी पांढरीच राहते. ही माती कुठलीही चालत नाही, वर्षानुवर्षं ऊनपाऊस न लागलेल्या कोपऱ्यातलीच लागते, असं कारागीर सांगतात. ऊन न लागलेल्या जागेकडे बारकाईने बघणं हे आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्यांचं कसब आहे. रॉचफर्डला ते एका परिचारिकेजवळ निघालं.

एवढ्यावर कदाचित गोष्ट संपली असती. पण काही आठवड्यांनी, रक्त बदलायची तयारी चाललेल्या एका बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेत खिडकीच्या कठड्यावर उन्हात पडून राहिली. तपासली तर बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी. ताजं रक्त घेऊन पाहिलं तर आकडा पुन्हा पहिल्यासारखा वर. म्हणजे कातडीतलाच नव्हे, काचेतल्या रक्ताचाही पिवळेपणा ऊन खात होतं. रिचर्ड क्रेमर या तरुण डॉक्टरने आणि पेरीमन या जीवरसायनतज्ज्ञाने मग प्रकाशाचे वेगवेगळे रंग लावून पाहिले. निळा सगळ्यांत प्रभावी ठरला. इंग्लंडच्या उन्हाचा काय भरवसा? म्हणून क्रेमरने पाळण्यावर कमान बांधून तिला निळसर प्रकाशाच्या आठ ट्यूबलाइट लावल्या. १९५८ च्या मे महिन्यात ‘लॅन्सेट’मध्ये क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स या तिघांच्या नावाने शोधनिबंध आला. सिस्टर वॉर्ड लेखकांत नाहीत. डॉब्स आणि क्रेमर यांनी १९७५ मध्ये ही सगळी हकीकत लिहून ठेवली नसती तर तो त्रिकोण कोणाला दिसला हे जगाला कळलंही नसतं.

त्याच १९५६ मध्ये, १ नोव्हेंबरला, इकडे बीदर जिल्ह्याचेही तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले. जहिराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले. रॉचफर्डच्या दिव्याशी याचा काही संबंध नाही, पण पुढे त्या दिव्याखाली येणाऱ्या आमच्या बाळांशी आहे. सून भालकीची आणि तिचं माहेर उदगीरचं, असे शेकडो संसार त्या रेषेच्या दोन बाजूंना पडले. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे बाळ एका राज्यात जन्मतं आणि महिन्या-दीड महिन्यात दुसऱ्या राज्यात जातं. मागे राहतात ते कागद.

दिवा सापडला, पण जगाने तो लगेच उचलला नाही. दक्षिण अमेरिकेत आणि युरोपात काही ठिकाणी वापर सुरू झाला; अमेरिकेत मात्र दहा वर्षं लोक संशयानेच बघत होते. ट्यूबलाइटने रोग बरा होतो हे गंभीर माणसांना पटणं अवघडच होतं. १९६८ मध्ये व्हरमाँटच्या जेरोल्ड ल्यूसी यांनी काही बाळं दिव्याखाली आणि काही दिव्याविना ठेवून रीतसर तुलना छापली आणि मग वारं फिरलं. प्रकाश नेमकं करतो काय, हे त्याच्याही नंतर उलगडलं. बिलिरुबिनचा रेणू स्वतःतच घडी घालून बसलेला असतो, म्हणून तो पाण्यात विरघळत नाही आणि यकृताची मदत लागते. निळा प्रकाश ती घडी मोडून त्याचा आकार बदलतो. आकार बदललेलं द्रव्य यकृताच्या रांगेत उभं न राहता पित्तातून आणि लघवीतून निघून जातं.

एवढा साधा, न टोचणारा, न दुखवणारा उपाय हाती आल्यावर खरा प्रश्न सुरू झाला: दिवा लावायचा कधी?

पहिली पंधरा-वीस वर्षं याचं उत्तर फार सैल होतं. रक्त बदलायचा आकडा वीस. तिथवर जाऊ द्यायचं नाही, म्हणून दिवा त्याच्या बराच अलीकडे, चौदा-पंधराला, कुठे त्याच्याही आधी. दिव्याने बिघडतं काय? बिघडत होतं ते रक्ताच्या तपासणीत दिसणारं नव्हतं. बाळ आईपासून काढून पेटीत जायचं, डोळ्यांवर पट्टी, अंगावरचं दूध तुटायचं, आईला वाटायचं आपल्या दुधातच खोट आहे. अमेरिकन सरकारच्या संस्थेने १९७४ ते १९७६ या काळात सहा रुग्णालयांत मोठी चाचणी घेतली. १९८५ मध्ये तिचा सविस्तर अहवाल आला. दिव्यामुळे रक्त बदलण्याची वेळ कमी येते हे त्यातून पक्कं झालं. पण त्याआधीच, १९८३ मध्ये, वॉचको आणि ऑस्की या दोन डॉक्टरांनी एका लेखाचं शीर्षक म्हणून लॅटिनमधल्या विसाच्या शब्दापासून एक नवाच रोग घडवला होता. मराठीत त्याला ‘विसाची धास्ती’ म्हणता येईल. रोगी बाळ नव्हतं, डॉक्टर होते. निरोगी, पूर्ण दिवसांच्या, रक्तगटाचा काही घोळ नसलेल्या बाळालाही वीस म्हटलं की हात थरथरतात, हे त्यांचं म्हणणं. १९९२ मध्ये न्यूमन आणि मेझेल्स यांनी आणखी पुढे जाऊन अशा बाळांच्या बाबतीत जरा नरमाईने घ्या असं सुचवलं.

नरमाई आली आणि तिच्यासोबत दुसरंही काही आलं. त्याच काळात अमेरिकेत बाळंतिणीला एक-दोन दिवसांत घरी पाठवायची रीत पडली. कावीळ चढायची तिसऱ्या-चौथ्या दिवशी. तोवर बाळ डॉक्टरांच्या डोळ्यांआड. संपला म्हणून समजलेला गाभ्याच्या काविळीचा रोग नव्वदच्या दशकात पुन्हा दिसू लागला, तोही चांगल्या गुटगुटीत बाळांत. एक आकडा सैल केला आणि बघणारी नजर काढून घेतली, हे दोन्ही एकदम झालं.

यातून वाट काढली ती आकडा बदलून नाही, आकड्याला घड्याळ बांधून. पेनसिल्व्हेनियातल्या डॉ. विनोद भूतानी यांनी, नावावरून कळेलच की माणूस आपल्याकडचा, १९९९ मध्ये २,८४० निरोगी नवजातांच्या नोंदींवरून एक आलेख छापला. आडव्या रेघेवर बाळाचं वय, पण दिवसांत नाही, तासांत. उभ्या रेघेवर बिलिरुबिन. तीन चढते वक्र, आणि त्यांमुळे पडलेले धोक्याचे पट्टे. ८ हा आकडा घ्या. बाळ ७२ तासांचं असेल तर आठला कोणी भुवईही उचलणार नाही. तोच आठ २४ तासांना आला तर तो सगळ्यांत वरच्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर उभा असतो. बालरोगतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २००४ मध्ये दिवा लावायच्या रेषाही अशाच तासांवर आखल्या, आणि एक नाही, तीन. पूर्ण दिवसांचं, धडधाकट बाळ असेल तर २४ तासांना साधारण १२, ४८ ला १५, ७२ ला १८. पस्तीस ते सदतीस आठवड्यांचं आणि वर रक्तगटाची विसंगती, संसर्ग किंवा सुस्ती असलं काही असेल तर त्याच वेळांना साधारण ८, ११ आणि साडेतेरा. पस्तीस आठवड्यांच्याही आधी जन्मलेल्यांचं गणित वेगळंच. अठ्ठावीस आठवड्यांच्या आतल्या जिवाला पाच-सहालाच दिवा लावतात. २०२२ मध्ये या रेषा पुन्हा आखल्या गेल्या. गर्भाच्या प्रत्येक आठवड्याची वेगळी रेषा, आणि सगळ्या पहिल्यापेक्षा वर सरकलेल्या. सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या एका विसातून आता आकड्यांचं पानच्या पान झालं आहे.

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो घड्याळाचा भाग. आमच्याकडे जन्मवेळ मिनिटासकट सांगता येते, कारण ती पत्रिकेला लागते. बाळ रडलं की कोणीतरी बाहेर भिंतीवरच्या घड्याळाकडे धावतं. घरात शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा ‘पहाटे चारला पाच कमी’ असं सांगेल. बाळ ६१ तासांचं की ७० तासांचं, यावर आज दिवा लावायचा की उद्या पुन्हा रक्त बघायचं हे ठरतं. पत्रिकेसाठी जपलेली वेळ अशी भलत्याच कुंडलीला उपयोगी पडते.

दिवा बीदरपर्यंत आला तो हळूहळू आणि मोठ्या रस्त्याने. गुलबर्ग्याला १९६३ मध्ये खासगी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, त्याच सुमारास सोलापुरातही. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला सरकारी. बीदरला स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळायला एकविसावं शतक उजाडलं. जिल्हा रुग्णालयांत नवजातांचे खास विभाग उघडण्याची चाल बंगालमधल्या पुरुलियापासून सुरू झाली, २००३ मध्ये. २०११ मध्ये केंद्र सरकारने त्याची रीतसर मार्गदर्शिका काढली आणि मग दिवे जिल्ह्याजिल्ह्यात पोचले. त्याच वर्षी सरकारी रुग्णालयात बाळंतपण आणि आजारी नवजाताचा उपचार फुकट झाला. पूर्वी ट्यूबलाइटचे दिवे असायचे. त्यांची एक खोड होती. ट्यूब जुनी झाली की ती लागते, निळी दिसते, पण तिच्यातला कामाचा प्रकाश केव्हाच आटलेला असतो. डोळ्याला ते कळत नाही. त्याला मीटर लावावा लागतो. बाळ तीन दिवस दिव्याखाली आणि आकडा जागचा हलत नाही, असं झालं की आधी ट्यूबचं वय विचारावं. पुढे निळे एलईडी आले, ज्यांच्या शोधासाठी तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये नोबेल मिळालं. तापत नाहीत, वीज कमी खातात, वर्षानुवर्षं टिकतात. चेन्नईच्या फिनिक्स कंपनीने एका अमेरिकन संस्थेच्या साथीने असा स्वस्त दिवा २०१२ मध्ये बाजारात आणला.

पण दिव्यापर्यंत बाळ आणायचं कोणी, आणि केव्हा? सरकारी हिशेबात बाळंतीण ४८ तास दवाखान्यात राहते. नंतर आशाताई घरी येते, तिच्या फेऱ्यांचे दिवस ठरलेले आहेत: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. तिसऱ्या दिवशी कावीळ अजून चढणीवर असते. सातव्या दिवशी ती चढायची तेवढी चढून गेलेली असते. मधली जी पाचवी, तिचा दिवस कुठल्याच तक्त्यात नाही. एक बरं आहे की आशाताई त्याच गल्लीतली असली तर हळदीकुंकवाला येतेच. तेव्हा तिने ओटी घेण्याआधी बाळाला दारात, दिवसाच्या उजेडात नेऊन बघावं; कपाळ, छाती, मग तळपाय, एकेक जागा बोटाने दाबून.

हे वरून खाली बघणं १९६९ मधलं आहे. कावीळ डोक्याकडून पायांकडे उतरते, हे क्रेमर नावाच्याच पण वेगळ्या, अमेरिकन डॉक्टरांनी मोजून मांडलं: चेहऱ्यावरच असेल तर पाच-सहा, पोटाखाली मांड्यांपर्यंत आली तर बारा, तळहात-तळपाय पिवळे झाले तर पंधराच्या पुढे. भारताच्या बालआरोग्य कार्यक्रमात आशा आणि परिचारिकांना शिकवतात ते त्याचंच सोपं रूप. पहिल्या २४ तासांत पिवळेपणा दिसला, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, की वेळ न घालवता दवाखाना. चौदा दिवसांनंतरही पिवळेपणा राहिला तरी दवाखाना. पण डोळ्याच्या अंदाजावर दिवा लावू नका, विशेषतः सावळ्या कातडीवर तो हमखास चुकतो, असं २००४ च्या त्या अमेरिकन सूचनांतही बजावलं आहे. आपल्याकडे कातडी सावळी, त्यात अंगाला हळद-बेसन लावलेलं, खोलीला जाड पडदा आणि वर चाळीसचा पिवळा बल्ब. नजर शिकवता येते, बल्ब बदलता येतो. तरी शेवटी टाचेतून थेंबभर रक्त घ्यावंच लागतं. ते रक्त प्रयोगशाळेत नेताना नळीला काळा कागद गुंडाळतात. ती नेणाऱ्या बऱ्याच पोरांना तो का गुंडाळायचा हे माहीत नसतं. रॉचफर्डच्या त्या खिडकीच्या कठड्यामुळे गुंडाळायचा.

ट्रंकेतल्या कपड्यांचंही बघावं लागतं. जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी डांबरगोळीच्या नुसत्या वासानेही फुटू शकतात आणि आकडा एका रात्रीत चढतो. मुलांत ही उणीव मुलींपेक्षा जास्त. मुंबईच्या पारशी समाजात तिची नोंद १९६३ मध्ये झाली. थोरल्याची झबली ट्रंकेत डांबरगोळ्या घालून ठेवायची आणि धाकट्याला काढून तशीच घालायची, ही काटकसर घरोघर आहे. धुवून, उन्हात वाळवून घातली तर बिघडत नाही.

आणि ऊन? सिस्टर वॉर्डनी ज्याच्यापासून सुरुवात केली ते ऊन आमच्याकडे वर्षातले बहुतेक दिवस फुकट पडलेलं असतं. मग दिवा कशाला, हा प्रश्न सीमाभागातली प्रत्येक आजी विचारते आणि तो वेडगळ नाही. नायजेरियात लागोसला डॉक्टरांनी मांडवावर खास पडदे लावून उन्हातले जाळणारे किरण अडवले आणि निळा प्रकाश तेवढा आत घेतला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत असं गाळलेलं ऊन नेहमीच्या दिव्याइतकंच लागू पडलं. पण तिथे बाळाचं तापमान घडोघडी बघायला माणूस बसलेला होता, रक्ताचे आकडे घेतले जात होते. उघड्या उन्हात तान्हं बाळ मार्गशीर्षात गारठतं आणि चैत्रात सुकतं. कपड्यात गुंडाळून दहा मिनिटं अंगणात धरलं तर फक्त नाकाच्या शेंड्याची कावीळ जाते. शिवाय ‘उद्या अजून थोडं ऊन देऊ’ म्हणताना ज्या बाळाला आजच दिवा हवा होता त्याचा एक दिवस जातो.

दिवा लागतो तेव्हा घरचे म्हणतात, बाळाला पेटीत घातलंय. बाहेर बाकावर माहेरचे आणि सासरचे शेजारीशेजारी बसलेले असतात. एकीकडचे ‘तायी’ कार्ड, म्हणजे कर्नाटकाने आईला दिलेलं कन्नड कार्ड, हातात घेऊन, दुसरे लातूरच्या डॉक्टरची मराठी चिठ्ठी घेऊन. ‘किती आलंय?’ ‘सतरा.’ ‘काल?’ ‘एकोणीस.’ आकडा तेवढा दोन्हीकडे एकच वाचला जातो. आत दर दोन-तीन तासांनी आई पाजायला जाते, दिवा तेवढ्यापुरता बाजूला होतो. दिव्याखालच्या बाळाच्या रंगावर कोणी विसंबत नाही. प्रकाश कातडी आधी धुतो, रक्ताला वेळ लागतो.

तिसऱ्या दिवशी आकडा रेषेच्या पुरेसा खाली येतो, दिवा बंद होतो. सिस्टर डोळ्यांवरची पट्टी सोडते, लंगोट काढते आणि बाळ आजीच्या हातात देते. अंग स्वच्छ गव्हाळ झालेलं असतं. आजी त्याला खिडकीपाशी नेते, उलटंपालटं करून बघते आणि लंगोट होता तिथे बोट ठेवते. चांगला आखीव त्रिकोण.

“अगं सिस्टर, हितं तर अजून पिवळंच हाय की!”

“झाकलेलं होतं ना, आजी, तेवढं राहिलंय. उद्या परत रक्त बघू.”